काथ्याचे पस्तीस हजार

चरईतल्या आमच्या फ्लॅटच्या हॉलला आणि एका बेडरूमला आधीच्या मालकांनी पीओपीचं फॉल्स सीलिंग करून त्यावर पांढरा दाणेदार स्प्रे मारून घेतला होता. एकेकाळी ते भारी वाटत असणार. आम्ही त्याला साबुदाणा छत म्हणायचो. दिवाळीला जळमटं काढायला जावं तर फडकं अडकायचं आणि दाणे डोळ्यांत. मग वरच्यांच्या बाथरूमची गळती झिरपून एक कोपरा पिवळा पडला, फुगला, तेव्हा ठरवलं की हे उतरवायचंच.

ओळखीतून एक कॉन्ट्रॅक्टर आला. टेप लावून ३१० स्क्वेअर फूट भरलं. ३५ रुपये फुटाने, राबिट (तोडफोडीचा मलबा) उचलण्यासकट. पाच हजार अ‍ॅडव्हान्स दिले आणि बोलता बोलता विचारलं, "यात अ‍ॅस्बेस्टॉस वगैरे नसतं ना हो?"

माझी मावसबहीण न्यू जर्सीला असते. तिकडच्या जुन्या घरांना असलंच खरबरीत छत असतं, पॉपकॉर्न सीलिंग म्हणतात. १९८० च्या आधीचं असेल तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस निघू शकतं (हे तंतुमय खनिज श्वासातून गेलं तर फुप्फुसांना घातक), म्हणून खरवडण्याआधी तुकडा लॅबमध्ये तपासतात. तिचं हे बोलणं डोक्यात बसलेलं. कॉन्ट्रॅक्टर क्षणभर थांबला आणि म्हणाला, "उघडल्यावर कळेल, ताई." तो शब्द त्याने तेव्हा पहिल्यांदाच ऐकला असावा, असं मला आता वाटतं. मीच तो त्याच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी अर्धा हॉल उघडा पडलेला, चॅनल लोंबतायत, लाइटच्या वायरी बाहेर. तो एक फुटका तुकडा घेऊन आला. कडेला तांबूस धागे. "ताई, तुमची शंका खरी निघाली. हेच ते. आजींना दमा आहे ना?" सासूबाईंचा पंप टेबलावर होता, तो त्याने पहिल्याच दिवशी पाहिला असणार. तुकडा पिशवीत घालून 'लॅबला' नेला आणि सकाळी साडेनऊला व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्टचा फोटो हजर. पॉझिटिव्ह. आता रेट १८० रुपये फूट, कारण 'स्पेशल टीम' लागणार. म्हणजे १०,८५० चे ५५,८००. नको असेल तर काम आहे तिथेच थांबवतो म्हणाला. नवरा म्हणत होता, जरा थांब, कोणाला तरी विचारू. पण अर्धं छत डोक्यावर लोंबत असताना आणि आतल्या खोलीत सासूबाई खोकत असताना कसलं थांबणं! ३० हजार यूपीआयने पाठवले.

स्पेशल टीम म्हणजे कोरोनातले पीपीई किट घातलेली दोन पोरं, एकाचं गुडघ्यावर फाटलेलं. खरंच अ‍ॅस्बेस्टॉस असेल तर आधी पाणी मारून ओलं करतात, खोली प्लास्टिकने बंद करतात, धूळ उडू देत नाहीत. या पोरांनी उकडतंय म्हणून टेबलफॅन लावला होता. तेव्हाही माझी ट्यूब पेटली नाही. हॉल कसाबसा उतरवून ती गेली ती गेलीच. बेडरूम तशीच, आणि पार्किंगमध्ये राबिटाच्या बेचाळीस गोण्या. सेक्रेटरींनी नोटीस लावली, टेम्पोचे पैसेही आम्हीच भरले.

सोसायटीची कामं करणारे एक म्हातारे मिस्त्री आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांनी गोणीतून तुकडा काढला, धागा बोटांत चोळला आणि हसलेच. "अगं, काथ्या आहे हा. पीओपी तडकू नये म्हणून घालतात." काडी लावली तर धागा भुरूभुरू जळाला. अ‍ॅस्बेस्टॉस म्हणजे खनिज, ते असं जळत नाही. अर्थात काडी लावून अख्ख्या छताची खात्री होत नाही. त्याचे तंतू इतके बारीक असतात की सूक्ष्मदर्शकच लागतो. म्हणून मी माझ्या हाताने तुकडा लॅबमध्ये दिला. त्यांनी आठ दिवस घेतले. काही निघालं नाही. मग तो व्हॉट्सअ‍ॅपवरचा रिपोर्ट मोठा करून पाहिला. तारीख तीन आठवडे आधीची, आणि नमुन्याच्या रकान्यात 'सिमेंटचा पत्रा'. कुठल्या तरी शेडचा असावा. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ते असतंच.

तुम्ही असं काम काढणार असाल तर रेट ठरण्याआधी पंख्याच्या हुकाजवळ फूटभर छत कापून आत काय आहे ते बघा. तपासणी करायचीच असेल तर तुकडा स्वतः न्या. मी हे दोन्ही केलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती.

कार्डावरच्या पत्त्यावर झेरॉक्सचं दुकान निघालं. यूपीआय खातं कोणा बाईच्या नावावर. बिल नाही, पोलिसांनी नुसती एनसी (अदखलपात्र नोंद) लिहून घेतली. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही, हेही कळलं, पण नोटीस पाठवायची कुठे? पत्ता शोधतोय.

बेडरूमचं छत शेवटी काकांनी उतरवलं. पंपाने पाणी मारत, दाराला ओली चादर लावून, ४० रुपये फुटाने, आणि पैसे काम झाल्यावर घेतले. आत स्लॅबचं प्लास्टर फुगलेलं निघालं. आता वरच्यांशी बोलणं आलं.