टेरिटी बाजार, कोलकाता: नाश्ता झाला म्हणून लगेच माघारी फिरू नका

कोलकात्याच्या टेरिटी बाजारात रविवारी सकाळी लोक येतात, उभ्या उभ्या बाओ (सारण भरलेले वाफवलेले चिनी पाव) खातात, चार फोटो काढतात आणि साडेआठच्या आत परतीच्या टॅक्सीत बसतात. नाश्ता चांगलाच असतो, त्याबद्दल वाद नाही. पण अठराव्या शतकाच्या अखेरीपासून चिनी माणसांनी वसवलेला हा मोहल्ला एका प्लेटीत उरकण्याजोगा नाही. पाट्यांवर 'चर्च' असं लिहिलेली इथली चिनी देवळं पाहिल्याशिवाय टेरिटी बाजार पाहिला असं म्हणू नये. सगळी पायपीट मिळून दोन किलोमीटरसुद्धा होत नाही, पण हाताशी साडेतीन-चार तास ठेवा.

आधी पोहोचण्याबद्दल, कारण इथेच पुष्कळांची चूक होते. टॅक्सीवाल्याला नुसतं 'चायनाटाउन' सांगितलंत तर तो तुम्हाला टांग्र्याला नेऊन सोडण्याची शक्यता जास्त. तो दुसरा चिनी मोहल्ला, शहराच्या पूर्वेला, इथून पाच-सहा किलोमीटरवर. तुम्ही 'पोद्दार कोर्ट' सांगा. लालबाजारच्या पोलीस मुख्यालयापासून रवींद्र सरणीने थोडं उत्तरेला गेलं की ही मोठी इमारत लागते आणि तिच्या मागच्या सन यात-सेन स्ट्रीटवर सकाळचा बाजार भरतो. सेंट्रल मेट्रो स्टेशन चालत दहा मिनिटांवर आहे, पण रविवारी मेट्रो उशिरा सुरू होते, त्यामुळे जाताना तिचा उपयोग नाही. जाताना टॅक्सी, येताना मेट्रो हा हिशेब बरा. हावड्याला रेल्वेने येणार असाल तर शनिवारीच पोहोचा आणि मुक्काम धर्मतल्ला किंवा चांदनी चौकाच्या आसपास ठेवा.

बाजार उजाडताच, सहाच्या सुमारास सुरू होतो आणि आठनंतर आवरायला लागतो. इतर दिवशी चार-दोन विक्रेते असतात. भरलेला बाजार पाहायचा तर रविवारच. साडेसहाला पोहोचलात तर सगळं मिळेल. साडेसातनंतर फिशबॉल सूप संपलेलं असू शकतं, म्हणून सुरुवात त्यानेच करा. माशाचा गर कुटून, मळून केलेले पांढरे गोळे, पातळ निवळ रस्सा, वर पालेभाजी. गोळा चांगला जमला असेल तर दाताखाली किंचित उसळतो. पिठूळ लागला तर त्यात स्टार्च जास्त आहे असं समजा. त्यानंतर सुइमाई, म्हणजे वरून उघडी ठेवलेली, डुकराच्या खिम्याची वाफवलेली पुरचुंडी. तिची पारी इतकी पातळ हवी की कडेने सारण दिसावं. टोपात तासभर पडून राहिलेल्या सुइमाईची पारी कडेला वाळते आणि तळाला चिकटते. विक्रेता झाकण उघडेल तेव्हा वाफेचा लोट आला नाही तर पुढच्या टोपाकडे वळा. पोर्क बाओ मोठा असतो, दोघांत एक पुरतो.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. या रांगेतले सगळे विक्रेते आता चिनी वंशाचे नाहीत आणि मोमोंचे बरेच टोप शहरात कुठेही मिळतील तसेच असतात. मोमो वाईट नसतात, पण त्यांच्यासाठी पहाटे उठून इथवर यायची गरज नाही. घरून करून आणलेले, डब्यात किंवा छोट्या टोपलीत मांडलेले पदार्थ शोधा: केळीच्या नाही तर बांबूच्या पानात बांधलेला चिकट भात, मुळ्याची वडी, मीट रोल. हे थोडेच आणलेले असतात, म्हणून आधी पूर्ण रांग एकदा चालून पाहा आणि मगच पैसे काढा. सुटे पैसे ठेवा. बसायची सोय नाही, हात धुवायला पाणी स्वतःच न्यावं लागतं आणि स्वच्छतागृहाची आशा धरू नये, ते मुक्कामावरून उरकूनच निघा.

शाकाहारी माणसाला हा नाश्ता जमणार नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. व्हेज मोमो आणि पुरी-भाजी मिळते, पण टोप, चिमटे आणि तेल वेगळं असेल याची खात्री नसते. अशांनी शेजारच्या गल्लीत कचोरी-जिलबी खाऊन थेट देवळांकडे वळावं. त्यांचं मुख्य काही चुकणार नाही.

घरी न्यायच्या दोन वस्तू. पहिली, चिनी सॉसेज: लालसर, चरबीचे पांढरे ठिपके असलेली, दोऱ्याने बांधलेली जोडी. ही वाळवलेली असली तरी कच्ची असते. भात शिजत आला की त्यावर ठेवून पंधरा-वीस मिनिटं वाफवायची, मग तिरके काप करायचे. सुटलेली चरबी भातात मुरते, तीच खरी चव. थंडीत प्रवासात टिकते. उन्हाळ्यात दीड दिवसाच्या रेल्वेप्रवासात न्यायचा धोका पत्करू नका. दुसरी, पोउ चोंगची हिरव्या मिरचीची चटणी, म्हणजे त्यांचा ग्रीन चिली सॉस. हे घराणं १९५८ पासून सॉस बनवतं आणि कोलकात्यात भजी-कटलेटबरोबर हीच बाटली निघते. विमानाने जाणार असाल तर बाटल्या कपड्यात गुंडाळून चेक-इन बॅगेत टाका.

आता देवळं. घाई इथे करायची नाही. नाश्त्याची गर्दी ओसरल्यावर, साधारण नऊच्या पुढे, ती उघडी सापडतात. बाहेरून बरीचशी साध्या दुमजली घरासारखी दिसतात. खाली संस्थेची खोली, वर देव. संस्था हा शब्द इथे महत्त्वाचा. दक्षिण चीनमधल्या कँटन (आताच्या ग्वांगडोंग) प्रांतातल्या एकेका जिल्ह्याच्या लोकांनी आपापली मंडळं काढली. बोटीतून उतरलेल्या गाववाल्याला झोपायला जागा, कामाची ओळख, आजारपणात मदत आणि मेल्यावर दफनाची सोय हे सगळं मंडळाने पाहायचं. देऊळ त्या मंडळाचं. म्हणून इतक्या छोट्या मोहल्ल्यात इतकी देवळं.

छातावाला गल्लीतलं सी इप चर्च १९०५ सालचं, क्वान यिन देवीचं. करुणेची ही देवी मूळ आपला बोधिसत्त्व अवलोकितेश्वर. चीनमध्ये जाऊन तो स्त्रीरूपात पुजला जाऊ लागला. कान्हेरीच्या ४१ क्रमांकाच्या लेण्यातला अकरा मुखांचा अवलोकितेश्वर ज्यांनी पाहिला आहे त्यांनी या मूर्तीसमोर थोडं जास्त वेळ थांबावं. सी इप म्हणजे कँटनजवळच्या चार परगण्यांतले लोक. मुंबईत माझगावला नवाब टँक रोडवर जे जुनं चिनी देऊळ आहे ते याच चार परगण्यांच्या लोकांनी बांधलेलं, नावही सी युप असंच. तिथेही क्वान यिन आहे आणि वरच्या मजल्यावर क्वान कुंग.

हा क्वान कुंग, किंवा क्वान ती, म्हणजे लाल चेहऱ्याचा, लांब दाढीचा योद्धा. हानवंशाच्या पडत्या काळातला खरा सेनापती, पुढे देव झाला. शब्दाला जागणारा म्हणून व्यापारी त्याला मानतात. ब्लॅकबर्न लेनमधलं लाल विटांचं तुंग ऑन चर्च त्याचं. याच्याच तळमजल्यावर १९२०च्या दशकात नानकिंग हे त्या काळचं नावाजलेलं रेस्टॉरंट निघालं, ते बंद होऊन अनेक दशकं झाली. इमारत अजूनही रुबाबदार आहे. भोवतालच्या कचऱ्याने मात्र तिची फार विटंबना झाली आहे. शहराने या एका वास्तूची नीट काळजी घेतली तरी साऱ्या मोहल्ल्याचं रूप पालटेल. डॅमझेन लेनमधलं नाम सून हे इथलं सगळ्यात जुनं, १८२० सालचं समजलं जातं. आत शिरताच मोकळा चौक लागतो आणि बाहेरचा गोंगाट एकदम तुटतो.

आत गेल्यावर काय पाहायचं? वेदीच्या पुढची सोनेरी मुलाम्याची लाकडी कोरीव पट्टी जवळून पाहा: बोटभर उंचीची माणसं, घोडे, माड्या, एकामागे एक तीन-तीन थरांत कोरलेल्या. बाजूला लांब दांड्यांची शस्त्रं उभी ठेवायची चौकट, घंटा, नगारा. बांबूच्या नळकांड्यात आकडे घातलेल्या काड्या असतात. मनात प्रश्न धरून नळकांडं तिरकं हलवत राहायचं. एकच काडी सरकत वर येऊन पडली पाहिजे. दोन पडल्या तर पुन्हा पहिल्यापासून. मग लाकडाचे अर्धचंद्राकृती दोन तुकडे जमिनीवर टाकायचे. एक सपाट आणि एक उंचवट्याचा भाग वर आला तर देवाचा होकार. तेव्हाच त्या आकड्याची चिठ्ठी घ्यायची. कोणी भाविक हे करत असेल तर मागे उभं राहून पाहा, फोटो काढू नका. तुम्हाला स्वतः करायचं असेल तर राखणदाराला विचारा.

राखणदाराशी वागणं हा या फेरीचा अर्धा भाग आहे. चपला कुठे काढायच्या ते विचारायचं, दानपेटीत काही टाकायचं, आणि तळमजल्यावर म्हातारी मंडळी माजाँग (सोंगट्यांचा चिनी खेळ) खेळत असतील तर दारातून कॅमेरा रोखायचा नाही. चार-पाचपेक्षा जास्त जण एकदम आत घुसले तर बहुधा वरचा मजला दाखवला जात नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

ही माणसं कॅमेऱ्याला बिचकतात त्याला इतिहास आहे. १९६२ च्या युद्धानंतर भारतातल्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना, लहान मुलांसह, राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबलं गेलं. काहींची सुटका व्हायला वर्षं लागली. परत आल्यावर दुकान-घर जागेवर नव्हतं. त्यानंतर कॅनडा, ऑस्ट्रेलियाकडे जी रीघ लागली ती थांबली नाही. वीस हजारांच्या पुढे असलेली वस्ती आता दोन हजारांच्या आसपास आली आहे. याच लोकांत कँटनी सुतार होते, हाक्का या दक्षिण चीनमधल्या समाजाचे चांभार आणि चामडं कमावणारे होते, हुपेह प्रांतातले दंतवैद्य होते. लालबाजारपासून दक्षिणेला बेंटिंक स्ट्रीटवर त्यांच्या बुटांची काही दुकानं अजून आहेत. पायाचं माप देऊन बूट शिवून घ्यायचे तर आठवड्याच्या मधल्या दिवशी जा, रविवारी तो रस्ता बहुतेक बंद असतो.

पावसाळ्यात इथे येणं टाळा. या भागात पाणी तुंबतं, आणि कचरा त्यात तरंगतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा योग्य काळ. चिनी नववर्षाला सिंहनृत्य आणि सजावट असते, पण देवळांत निवांतपणा मिळत नाही. पहिल्यांदा येणाऱ्याने साधा रविवारच निवडावा.

अकरानंतर पायात जोर असेल तर पश्चिमेला पंधरा मिनिटांवर मॅगन डेव्हिड सिनेगॉग (१८८४) आणि जवळच अर्मेनियन चर्च (१७२४) आहे. सिनेगॉगसाठी ओळखपत्र लागतं. जेवायला गणेशचंद्र अव्हेन्यूवर पेट्रोल पंपाच्या वर असलेलं ओ च्यू गाठा. १९२०च्या दशकापासून एकाच घराण्याकडे आहे, आणि जेवण टांग्र्यापेक्षा सौम्य, जुन्या कँटनी वळणाचं. तिथलं चिमनी सूप (मध्ये धुराडं असलेल्या भांड्यात येणारं) हवं असेल तर आदल्या दिवशी फोन करून सांगावं लागतं, आणि ते चौघांना पुरतं.

टांगरा संध्याकाळसाठी ठेवा. तिथे चालण्यासारखं थोडं आहे: चामड्याचे कारखाने सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर बानतल्याला हलले, उंच भिंती उरल्या. चिनी कालीमंदिर मात्र पाहा. तिथे नैवेद्याला नूडल्स असतात. तिथली चिली चिकनची प्लेट दोघांची समजून मागवा. तिघांनी दोन पदार्थ आणि एक नूडल्स एवढंच सांगावं, नाही तर अर्धं परत जातं.