नागोया, चाकण आणि ओहायो : टाइमअँडडेटचा मीटिंग प्लॅनर वापरताना

मी पुण्यात जपानी भाषेची दुभाषी म्हणून काम करते आणि माझे बरेचसे काम चाकण परिसरातील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांसाठी असते. मीटिंगमध्ये बोललेले भाषांतरित करणे ही माझी जबाबदारी. मीटिंगची वेळ ठरवणे ही खरे तर कोणाचीच नसते आणि म्हणूनच ती बहुतेक वेळा दुभाष्याकडे येते, कारण दोन्ही बाजूंशी बोलणारी व्यक्ती तीच एक असते. जपानमधील नागोया, चाकण आणि अमेरिकेतील ओहायो राज्य अशा तीन ठिकाणच्या माणसांना एका वेळी एकत्र आणण्यासाठी मी गेली काही वर्षे टाइमअँडडेट डॉट कॉम या संकेतस्थळावरील मीटिंग प्लॅनर वापरते आहे. ज्यांना परदेशातील दोनपेक्षा अधिक ठिकाणांशी वेळ जुळवावी लागते, त्यांनी तो वापरावाच, असे माझे स्पष्ट मत आहे.

या साधनाकडे मी कशी वळले, ते आधी सांगते. एका जुलै महिन्यात गुणवत्तेच्या तक्रारीवर तातडीची मीटिंग लागली. अमेरिकेतील कार्यालयाने पाठवलेल्या निरोपात 'सकाळी १०, ईएसटी' असे लिहिले होते. ईएसटी म्हणजे तेथील पूर्व भागाची प्रमाणवेळ; ती यूटीसीच्या, म्हणजे जगभरातील घड्याळे जिच्यावरून मोजली जातात त्या सामायिक वेळेच्या, पाच तास मागे असते, म्हणून मी हिशेब करून भारतातील रात्रीचे साडेआठ ही वेळ वहीत लिहिली आणि चाकणच्या मंडळींनाही तीच कळवली. हिशेब अक्षरशः बरोबर होता. परंतु जुलैमध्ये ओहायोची घड्याळे उन्हाळी वेळेवर, म्हणजे एक तास पुढे असतात आणि त्या काळातील वेळेला ईडीटी म्हणतात. लिहिणाऱ्याने सवयीने वर्षभर वापरली जाणारी तीन अक्षरे लिहिली होती. त्याच्या मनातील सकाळचे दहा म्हणजे आपल्याकडचे साडेसात होते. कोथरूडमधल्या माझ्या घरी कुकरची दुसरी शिट्टी होत असताना फोन वाजला, तेव्हा नागोयाचे वरिष्ठ अभियंते जवळजवळ तासभर ताटकळले होते आणि त्यांच्याकडे मध्यरात्र व्हायला आली होती. त्यांनी एका शब्दानेही तक्रार केली नाही, आणि त्यामुळेच मला अधिक वाईट वाटले.

लघुरूपांवर विसंबणे मी त्या दिवसापासून सोडले. ईएसटीची गोष्ट तर आहेच, पण आपल्या स्वतःच्या आयएसटीचेही तेच आहे : ही अक्षरे भारत, आयर्लंड आणि इस्रायल अशा तीन देशांच्या वेळांसाठी वापरली जातात. सीएसटी ही अक्षरे अमेरिकेच्या मध्य भागाची वेळही दाखवतात आणि चीनचीही. मीटिंग प्लॅनर मात्र तुम्हाला शहराचे नाव आणि तारीख विचारतो. नाव टाइप केले की राज्य आणि देशासकट पर्याय समोर येतात, त्यामुळे एकाच नावाच्या दोन गावांत घोटाळा होत नाही. तारीख विचारण्यामागेही पक्के कारण आहे, कारण 'पुणे आणि ओहायो यांच्यात किती तासांचा फरक आहे' या प्रश्नाला तारखेशिवाय उत्तरच नाही. उन्हाळ्यात तो साडेनऊ तासांचा असतो आणि हिवाळ्यात साडेदहा.

पुण्याच्या वाचकांना एक गोष्ट विशेष जाणवेल. संगणकावर किंवा फोनवर वेळेचे क्षेत्र निवडायला गेलो, तर बहुधा कोलकात्याचे नाव पुढे येते, कारण जगभरातील संगणकप्रणाली वेळेसाठी जो सामायिक माहितीसाठा वापरतात त्यात भारताची नोंद 'एशिया/कोलकाता' अशी आहे. विंडोजच्या यादीत चेन्नई, कोलकाता, मुंबई आणि नवी दिल्ली आहेत, पुणे नाही. या संकेतस्थळावर मात्र पुण्याचे स्वतंत्र पान आहे आणि त्यावर आपल्या शहराच्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळाही मिळतात. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून १ जानेवारी १९०६ पासून ठरली आणि पुणे त्या रेषेच्या बरेच पश्चिमेला असल्याने आपल्या माथ्यावर सूर्य सरासरी साडेबाराच्याही थोडा नंतर येतो. १९०६ नंतरही मुंबईत कित्येक वर्षे या प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटे मागे असलेली 'बॉम्बे टाइम' पाळली जात होती. एकाच देशात दोन घड्याळे सांभाळणे काय असते, हे आपल्या पणजोबांच्या पिढीने चांगलेच अनुभवले आहे.

आता प्रत्यक्ष प्लॅनरकडे येऊ. तारीख आणि शहरे निवडली की दिवसभराच्या तासांचा एक तक्ता उभा राहतो. प्रत्येक शहराला एक स्तंभ, आणि प्रत्येक ओळीत तोच एक क्षण त्या-त्या ठिकाणच्या स्थानिक वेळेत लिहिलेला. कामाच्या वेळा हिरव्या, पहाटेनंतरच्या आणि संध्याकाळच्या आडवेळा पिवळ्या आणि झोपेच्या वेळा लाल रंगात दिसतात. यूटीसीपासूनच्या आपल्या साडेपाच तासांच्या फरकामुळे एक सूक्ष्म अडचण असते, ती येथे व्यवस्थित सांभाळली आहे : नागोयाचा स्तंभ पूर्ण तासात असेल, तर पुण्याचा अर्ध्या तासात येतो. नागोयात दहा, तर पुण्यात साडेसहा. तोंडी हिशेब करताना हा अर्धा तास हमखास सुटतो. शेजारच्या नेपाळची वेळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे असल्याने तेथील माणूस मीटिंगमध्ये असेल, तर डोके आणखीच गरगरते.

माझ्या तीन शहरांचा तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला, तर त्यात पूर्ण हिरवी अशी एकही ओळ सापडत नाही. हा प्लॅनरचा दोष नव्हे, भूगोलच तसा आहे. ओहायोतील कार्यालय उघडते तेव्हा नागोयातील संध्याकाळ सरलेली असते आणि नागोयातील कामकाज सुरू होते तेव्हा ओहायोत आदल्या दिवसाची रात्र होत आलेली असते. नागोयात सकाळचे दहा वाजता मीटिंग घ्यायची म्हटले, तर उन्हाळ्यात पुण्यात पहाटेनंतरचे साडेसहा आणि ओहायोत आदल्या रात्रीचे नऊ होतात. तेथे नागोयाचा चौकोन हिरवा आणि उरलेले दोन पिवळे. ओहायोत सकाळी आठला घ्यायची, तर पुण्यात संध्याकाळचे साडेपाच आणि नागोयात रात्रीचे नऊ. म्हणजे कोणीतरी आपल्या घरची वेळ देणार, हे अटळ आहे, आणि या साधनाची मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच, की ती वेळ कोण देणार आहे हे ते सर्वांसमोर रंगात मांडते. याआधी असे होत असे, की निरोप पाठवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर त्याच्या स्वतःच्या भिंतीवरचे घड्याळ असे आणि इतरांची रात्र त्याला दिसतच नसे.

दिवसाच्या नावाबाबतही हाच अनुभव आहे. तक्त्यात वेळेसोबत वारही दिसतो, आणि आमच्या कामात वाराची चूक तासाच्या चुकीपेक्षा महाग पडते. आपण बोलताना 'सोमवारी रात्री एक वाजता' म्हणतो तेव्हा आपल्या मनात झोपण्यापूर्वीचा सोमवार असतो. पंचांगातील वारही सूर्योदयालाच बदलतो, तेव्हा आपल्या बोलण्याला जुना आधार आहे. जपानमध्ये तर मध्यरात्रीनंतरच्या एकला 'पंचवीस वाजता' असे लिहिण्याची पद्धत आहे. दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमपत्रिकांत आणि रात्री उशिरापर्यंत उघड्या असणाऱ्या दुकानांच्या पाट्यांवर ती सर्रास आढळते. अमेरिकेतील माणसाला हे दोन्ही अगम्य आहे. तक्त्यातील वार पाहून निरोप लिहिला, तर या तिन्ही समजुती एका रेषेत येतात.

घड्याळे पुढे-मागे करण्याच्या तारखा हा या विषयातील सर्वांत निसरडा भाग आहे. भारत आणि जपान ही पद्धत पाळत नाहीत; जपानने दुसऱ्या महायुद्धानंतर १९४८ पासून चार वर्षे ती करून पाहिली आणि सोडून दिली. अमेरिकेत २००७ पासून उन्हाळी वेळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी संपते. युरोपात मात्र ती मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होऊन ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी संपते. याचा अर्थ २०२६ मध्ये ८ मार्चपासून २९ मार्चपर्यंत ओहायोची वेळ बदललेली असते आणि जर्मनीची नसते. चाकणमधील ज्या कंपन्यांचा व्यवहार दोन्हीकडे आहे, त्यांच्यासाठी हे तीन आठवडे आणि शरद ऋतूतील २५ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर हा एक आठवडा विशेष सांभाळण्याचे असतात. ऑस्ट्रेलियात तर सिडनी आणि मेलबर्न ही पद्धत पाळतात, ब्रिस्बेन पाळत नाही, आणि त्यांचा उन्हाळा आपल्या हिवाळ्यात येतो. मेक्सिकोने २०२२ मध्ये ती बंद केली, परंतु अमेरिकेच्या सीमेलगतच्या काही पालिकांमध्ये ती चालूच आहे. हे सारे कोणाच्या लक्षात राहावे अशी अपेक्षाच चुकीची आहे. संकेतस्थळावरील जागतिक घड्याळाच्या पानावर उन्हाळी वेळेत असलेल्या शहरापुढे एक लहानशी चांदणी दिसते आणि शहराच्या स्वतंत्र पानावर पुढील बदलाची तारीख लिहिलेली असते. मार्च आणि ऑक्टोबर उजाडला, की मी पहिल्यांदा ती चांदणी पाहते.

वर्ल्ड टाइम बडी हे दुसरे साधनही मी वापरून पाहिले आहे. त्यात शहरे एकाखाली एक येतात आणि तासांच्या आडव्या पट्ट्यांवरून एक उभी रेषा सरकवून वेळ पाहता येते. फोनवर बोलता बोलता झटपट वेळ सांगायची असेल, तर ते डोळ्यांना सोपे आहे, आणि दोन-तीन शहरांपुरते ज्याचे काम आहे त्याला ते पुरेसे वाटेल. मला मात्र तक्ताच बरा पडतो, कारण त्याची छपाई करून ती समोर ठेवता येते आणि वरिष्ठ मंडळींना बोट ठेवून ओळ दाखवता येते.

वेळ ठरल्यानंतर ती कळवण्यासाठी टाइमअँडडेटवर घटनेच्या वेळेचे एक वेगळे पान तयार करता येते. त्याची लिंक पाठवली, की तीच घटना कोणत्या शहरात किती वाजता आहे ते प्रत्येकाला दिसते. आता मी निरोपात तिन्ही शहरांच्या वेळा वारासह लिहिते आणि खाली ही लिंक जोडते. एकाही लघुरूपाचा वापर करत नाही. देशोदेशींच्या सुट्ट्यांची पानेही याच संकेतस्थळावर असल्याने जपानमधील एप्रिलअखेरचा 'गोल्डन वीक' आणि आपली दिवाळी एकदाच तपासून होते.

संकेतस्थळ नॉर्वेतील स्टाव्हांगर येथील कंपनीचे असून स्टेफेन थोरसेन यांनी ते सुरू केले. मीटिंग प्लॅनर मोफत आहे आणि त्यासाठी खाते उघडावे लागत नाही. पानांवर जाहिराती असतात. मराठीत ते उपलब्ध नाही, त्यामुळे कारखान्यातील पर्यवेक्षकांना पहिल्यांदा शेजारी बसून दाखवावे लागते, पण रंग कळल्यावर पुढे फारसे सांगावे लागत नाही.

एक गोष्ट कोणताही प्लॅनर तुमच्यासाठी ठरवू शकत नाही, ती म्हणजे दर आठवड्याची मीटिंग कोणाच्या घड्याळाला बांधायची. कॅलेंडरमधील इन्व्हाइट ओहायोच्या वेळेत तयार केले असेल, तर नोव्हेंबरमध्ये ओहायोची वेळ तीच राहते आणि पुण्याची व नागोयाची एक तास पुढे जाते. ते पुण्याच्या वेळेत केले असेल, तर ओहायोला तास अलीकडे यावे लागते. आमची बुधवारची मीटिंग ओहायोच्या सकाळी आठला बांधलेली होती. उन्हाळ्यात ती चाकणमध्ये साडेपाचला सुरू होऊन अर्ध्या तासात संपे आणि सव्वासहाची कंपनीची बस सर्वांना मिळे. नोव्हेंबरात तीच साडेसहाला सुरू होऊ लागली. बस निघून जाई आणि निगडी, कोथरूड, हडपसरला राहणारी माणसे नाशिक रस्त्याच्या गर्दीत आपापल्या सोयीने घरी परतत. नागोयात तेव्हा रात्रीचे दहा वाजलेले असत. चाकणचे व्यवस्थापक मला म्हणाले, "मॅडम, तुम्हीच एकदा त्यांना समजेल असं सांगा." मी जुलै आणि डिसेंबरचे दोन तक्ते शेजारी शेजारी ठेवून पाठवले आणि बुधवारची ओळ दोन्हींवर पेनाने चौकटीत घेतली. ओहायोकडून दुसऱ्याच दिवशी उत्तर आले, की हिवाळ्यात एक आड एक आठवडा ते सकाळी सातला येतील. त्या आठवड्यांत आमची मीटिंग साडेपाचला सुरू होते आणि सहा वाजून दहा मिनिटांनी चाकणची मंडळी बसजवळ उभी असतात.