बारा आठवड्यांची गिटार, बारा महिन्यांनी: नऊ महिने वाजवल्यानंतर

आधी गिटारबद्दल सांगतो, कारण एकदा तक्रारींना सुरुवात केली की तिचं कौतुक राहून जाईल. आवाज फार गोड आहे. खालच्या तारा घुमतात पण गढूळ होत नाहीत. वरच्या दोन तारा इतक्या स्वच्छ वाजतात की माझ्या चुका शेजारच्या फ्लॅटपर्यंत पोचतात. टॉप, म्हणजे पुढची फळी, स्प्रूस लाकडाची, मागची बाजू आणि कडा इंडियन रोझवुडच्या, म्हणजे आपला शिसव. आजोबांच्या शिसवी कपाटाचं दार उघडल्यावर जो वास यायचा, तसाच पण फिकट वास अजूनही आवाजाच्या भोकाशी नाक नेलं की येतो. बायको म्हणते, "अहो, वाजवा तरी, हुंगताय काय!"

मी डावखुरा आहे. सोलापुरात नवी पेठेपासून विजापूर रोडपर्यंत विचारून बघितलं, डावखुरी गिटार दुकानात तयार मिळत नाही. मागवून देतो म्हणाले, पण न बघता, न वाजवता घ्यायची. वीस वर्षं मी उजवी गिटार उलटी धरून, तारा उलट्या लावून वाजवली. ते चालतं, पण जेमतेम. मानेच्या टोकाशी तारा ज्या पट्टीवर टेकतात, त्या नटच्या खाचा जाड-बारीक तारांच्या हिशोबाने कापलेल्या असतात, त्या उलट्या पडतात. ब्रिजवरचं सॅडल, म्हणजे दुसऱ्या टोकाची तारा टेकायची पट्टी, मुद्दाम तिरकं बसवलेलं असतं, कारण जाड तारेला थोडी जास्त लांबी लागते. गिटार उलटी केली की तो तिरकसपणा नेमका चुकीच्या बाजूला जातो, आणि बाराव्या फ्रेटच्या, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या, पुढे सगळं बेसूर व्हायला लागतं. टॉपच्या आतल्या पट्ट्याही दोन्हीकडे सारख्या नसतात, त्या तर बदलताच येत नाहीत.

म्हणून जानेवारी २०२४ मध्ये, चाळिशीचं निमित्त करून, ऑर्डर दिली. बनवणारे दादा घाटाकडच्या एका गावचे. गावाचं आणि त्यांचं नाव लिहीत नाही, पाऊस भरपूर पडतो एवढं पुरे. किंमत ६२ हजार, निम्मे आगाऊ. तारांची लांबी ६२८ मिमी ठरवली, नेहमीच्या ६४८ पेक्षा कमी, कारण माझी बोटं आखूड. नट ४४ मिमी. फोनवर तासभर बोलले. मी कोणती गाणी वाजवतो, नखाने वाजवतो की पिकने, सगळं विचारून घेतलं. असा माणूस भेटला म्हणून मी खूश. "बारा आठवडे धरा सर. पाडव्याला तुमच्या हातात." त्या दिवशी सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेतला अक्षता सोहळा होता, रस्ते नंदीध्वजांच्या मिरवणुकीसाठी बंद, मी गच्चीवर उभा राहून यूपीआयने ३१ हजार पाठवले.

पाडवा गेला.

एप्रिलमध्ये उत्तर आलं की लाकूड अजून वाळतंय. हे मला पटलं. माझ्या आत्याने मिरजेहून तंबोरा करून घेतला होता, तेव्हा तिथल्या कारागिराने सरळ सांगितलं होतं, भोपळा अजून मुरायचाय, चार महिन्यांनी या. आणि तो भोपळा कुठला, तर आपल्याच पंढरपूरकडचा! मिरजेच्या तंबोऱ्यांचे भोपळे आपल्या जिल्ह्यातून जातात, हे सोलापूरकरांनाही अनेकदा ठाऊक नसतं. तर लाकूड वाळायला वेळ लागतो याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं.

जूनमध्ये उत्तर: मान तयार आहे, फोटो पाठवतो. फोटो आला नाही. जुलैमध्ये: पावसामुळे फिनिश, म्हणजे वरचा लॅकरचा थर, अडकलंय. हेही खोटं नव्हतं, नंतर वाचून खात्री केली. लॅकर दमट हवेत मारलं तर ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि दुधासारखं पांढुरकं होतं. अशा हवेत थांबणं हाच शहाणपणा. पण जूनमध्ये मान नुसती 'तयार' होती आणि जुलैत थेट फिनिश? मधे गिटार कधी झाली? विचारलं. व्हॉट्सॲपवर दोन निळ्या टिका दिसल्या, उत्तर नाही. आठवड्याने परत विचारलं. निळ्या टिका. ऑगस्टमध्ये एक आवाजी संदेश आला, सव्वा मिनिटाचा. त्यात मुलाचं आजारपण, मदतनीस सोडून गेला, आणि शेवटी "या आठवड्यात नक्की".

मी टेरी टॉवेलच्या कारखान्यात हिशोब बघतो. आमच्याकडे सूत उशिरा येतं, डाइंगमध्ये लॉट बिघडतो, कंटेनर मिळत नाही. उशीर हा आमचा रोजचा धंदा आहे. पण पार्टीला त्याच दिवशी कळवतो, कारण न कळवलेला एक दिवस कळवलेल्या पंधरा दिवसांपेक्षा महाग पडतो. म्हणून उशिराचा मला राग नव्हता. आपल्याला कुणीतरी आठवड्या-आठवड्याने खेळवतंय, हा राग होता. ऑफिसात तर रोजचं झालं होतं. "काय बे, आली का गिटार?" "येतीय की." "कुठवर आली?" "वाळतीय."

वकील मित्राने सांगितलं, तक्रार इथेच टाकता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण राहतो त्या जिल्ह्यात दाद मागायची सोय आहे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीसुद्धा नाही, आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं नि यूपीआयची नोंद पुरावा म्हणून चालते. मी सगळे स्क्रीनशॉट काढून एका फोल्डरमध्ये ठेवले. पण मला पैसे परत नको होते, गिटार हवी होती. तक्रारीनंतर येणारी गिटार तो माणूस कोणत्या मनाने बनवेल, ही भीती होती. हातच्या कामात ग्राहकाची हीच गोची असते.

सप्टेंबरमध्ये रात्रीची एसटी पकडली आणि न सांगता जाऊन धडकलो.

एका बंगल्याच्या मागचा पत्र्याचा शेड. दादा एकटेच, अंगभर भुसा. मला बघून ओशाळले, पण दार लावलं नाही. चहा केला. माझी गिटार दाखवली: कडा वाकवून साच्यात बसवलेल्या, टॉप चिकटवलेला, मान वेगळी, फ्रेट बसवायचे बाकी. म्हणजे जुलैत फिनिशचा प्रश्नच नव्हता. मी काही बोललो नाही, कारण तोवर माझी नजर भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर गेली होती.

फळ्यावर नावं होती, ऑर्डर आल्याच्या क्रमाने, पुढे तारखा. माझ्या नावाच्या वर अकरा. त्यातली आठ खोडलेली. मी विचारलं, महिन्याला किती होतात? म्हणाले, "एक. फार तर सव्वा." जानेवारीत माझ्या पुढे अकरा गिटारी, महिन्याला एक, बारावी माझी. म्हणजे बारा महिने. हे गणित त्यांना जानेवारीतच येत होतं, फळ्यावर लिहिलेलंच होतं. बारा आठवड्यांचा आकडा कुठून आला मग? एक गिटार सुरू केल्यापासून संपेपर्यंत लागतात, तो वेळ. पुढच्या अकरा त्यात धरल्याच नव्हत्या.

"खरं सांगितलं असतं तर तुम्ही ऑर्डर दिली असतीत का सर?" असं त्यांनी विचारलं. मी प्रामाणिकपणे म्हणालो, माहीत नाही.

मग हिशोबनीसाचं डोकं चालायला लागलं. माझे ३१ हजार माझ्या लाकडात गेलेच नव्हते. ते माझ्या आधीच्या कुणाच्या तरी ट्यूनिंग कीज आणि फ्रेट वायरमध्ये गेले. माझं लाकूड माझ्या मागून आलेल्या कुणाच्या तरी आगाऊ रकमेतून आलं. अशा धंद्यात नवी ऑर्डर थांबली की जुनं काम थांबतं, म्हणून नव्या माणसाला खरी तारीख सांगणं परवडत नाही. फसवणूक म्हणवत नाही, पण सचोटीही नाही. आमच्या कारखान्यात असं खातं दिसलं असतं तर मी लाल पेनाने खूण केली असती.

त्या भेटीनंतर एक फरक पडला. दर पंधरा दिवसांनी फोटो येऊ लागले, न मागता. मी डोळ्यांसमोर जाऊन बसलो म्हणून. ज्याला रजा काढून जाणं शक्य नाही त्याला हे मिळालं नसतं, हेही लक्षात ठेवा.

गिटार आली जानेवारी २०२५ मध्ये, गड्डा भरलेला असतानाच. गड्डा ते गड्डा, बरोबर एक वर्ष. हार्ड केस, तारा सैल केलेल्या, आत थर्माकोल, पॅकिंग निर्दोष. केस उघडली, तारा लावल्या, आणि बसल्या बसल्या एक गोष्ट खटकली. मानेच्या कडेला जे ठिपके असतात, तिसरा, पाचवा, सातवा फ्रेट ओळखायला, ते वाजवणाऱ्याला वरून दिसायला हवेत. माझ्या गिटारीचे ठिपके जमिनीकडे. नट डावखुरा, सॅडल डावखुरं, आतल्या पट्ट्याही डावखुऱ्या, आणि ठिपके सवयीने उजव्याच्या कडेला! फोन केला. पलीकडे पाच सेकंद शांतता, मग, "सर, परत पाठवा, दोन आठवड्यांत करून देतो."

दोन आठवडे. मी हसलो, आणि बायकोचं पांढरं नेलपॉलिश मागून घेतलं. ते ठिपके आजही तसेच आहेत.

आता नऊ महिन्यांचा अनुभव. पहिले दोन महिने काही त्रास नाही. एप्रिलपासून सोलापूरने गिटारची परीक्षा घेतली. बाहेर ४३, खोलीतली हवा कोरडी ठाक. एके दिवशी हात मानेवरून फिरवला तर फ्रेटची टोकं करवतीसारखी लागली. लाकूड कोरडं पडलं की रुंदीत आकसतं, धातूचा फ्रेट आहे तेवढाच राहतो, त्यामुळे टोकं बाहेर येतात. टॉपही थोडा खाली बसला, तारा फ्रेटला घासून बझ, म्हणजे खरखर, यायला लागला. मी हवेतली आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र आणलं. कूलर चालू असताना ६५, बंद केला की तासाभरात २८. गिटारला साधारण ४५ ते ५५ लागते. म्हणजे आमच्या घरात ती रोज पावसाळा आणि उन्हाळा दोन्ही सोसत होती.

आणि इथे दादांचं कौतुक करायलाच हवं. संध्याकाळी व्हिडिओ पाठवला, रात्री नऊला त्यांचा फोन. कूलरच्या खोलीतून काढा, वाजवून झाली की केसमध्येच ठेवा, साबणाच्या डबीला भोकं पाडून आत ओला, पिळलेला स्पंज ठेवा. ट्रस रॉडला, म्हणजे मानेतल्या बाक सुधारायच्या सळईला, आठ दिवस हात लावू नका, आधी लाकडाला पाणी पिऊ द्या. तसं केलं. बझ नव्वद टक्के गेला, टोकंही बरीच आत गेली. जूनमध्ये गिटार घेऊन पुन्हा गेलो, तेव्हा उरलेली टोकं कानशीने घासून, सॅडल जरासं उचलून, दोन तासांत परत दिली. पैसे घेतले नाहीत. ठिपके करून देतो म्हणाले, मी नको म्हटलं. तोपर्यंत नेलपॉलिशची सवय झाली होती. ऑर्डर घेताना आणि गिटार दिल्यानंतर हा माणूस सोन्यासारखा आहे. मधल्या वर्षात तो फोन उचलत नाही.

ऑफिसातल्या एकाची मुलगीही डावखुरी आहे, बारावीत. तिने माझी गिटार वाजवून बघितली आणि तिला अशीच हवी झाली. मागच्या आठवड्यात तिने दादांना विचारलं, किती दिवस लागतील? उत्तर लगेच आलं: "बारा आठवडे धरा."

मी तिला सांगितलं, आता विचार, फळ्यावर किती नावं आहेत. तिने विचारलंय. चार दिवस झाले, दोन निळ्या टिका आहेत.