हॉस्पिटल रिव्ह्यू (इंदूर): सिस्टर्सना साडेचार स्टार, सिस्टीमला दोन

इंदूरच्या एका मोठ्या प्रायव्हेट हॉस्पिटलचा हा रिव्ह्यू आहे. नाव टाकत नाही, कारण पुढे तक्रारी पण आहेत आणि उगाच कुणाची नोकरी जायला नको. सासूबाई बाथरूममध्ये घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन करून अर्धा खुबा बदलला. सर्जन चांगले होते, एसी चालू होता, लिफ्टला रांग होती, पार्किंगचं तर विचारूच नका. हे सगळं तुम्हाला गूगलवर कुठेही वाचायला मिळेल, म्हणून मी फक्त नर्सिंगबद्दल लिहितेय आणि त्यातही एकाच गोष्टीबद्दल, ती म्हणजे पेशंटचं देवाधर्माचं जे काही असतं ते तिथे कसं सांभाळलं जातं. ज्यांच्या घरी जुन्या वळणाची माणसं आहेत त्यांना हे आधी कळलेलं बरं.

आमच्या आई (म्हणजे सासूबाईच) माळकरी आहेत. माहेरी वारी होती, इकडे लग्न होऊन आल्यापासून दर एकादशीला पंढरीनाथच्या देवळात जातात. ऑपरेशनच्या आदल्या रात्री सिस्टर दागिने काढायला आली. मंगळसूत्र आईंनी असं पटकन काढून दिलं की आमचे नाना (सासरे) बघतच राहिले. बांगड्याही निघाल्या, सिस्टरनं सांगितलं की सलाईनचा हात सुजला तर मग कापाव्या लागतात, आणि धातू अंगावर असला तर ऑपरेशनमध्ये कॉटरी (रक्त थांबवायचं विजेचं यंत्र) वापरतात तेव्हा चटका बसू शकतो. पण तुळशीची माळ काही केल्या निघेना. "ही उतरली की मी गेले असं समजा." आता काय! वॉर्डबॉय म्हणाला पायात बांध देंगे अम्मा, त्यावर आईंनी ज्या नजरेनं त्याच्याकडे पाहिलं ती नजर मी पंचवीस वर्षांपासून ओळखते.

सिस्टर झाबुआकडची, गळ्यात छोटासा क्रॉस. तिनं विचारलं, अम्मा ये माला कौन से भगवान की है, और गले में ही रहना ज़रूरी है या शरीर पर रहे तो चलेगा? हा प्रश्न आम्हाला घरातल्यांनाही सुचला नव्हता. आई जरा विचार करून म्हणाल्या, अंगावर असली म्हणजे झालं. मग तिनं भूलतज्ज्ञांना फोन लावला. ते म्हणाले गळा मोकळाच पाहिजे, कमरेत भूल दिली तरी ऐनवेळी श्वासाची नळी घालायची वेळ येऊ शकते, मनगटावर असेल तर माझी हरकत नाही. डाव्या हाताला सलाईन होतं म्हणून उजव्या मनगटाला माळ गुंडाळली, वरून गॉझ आणि मायक्रोपोरची चिकटपट्टी, आणि फाइलवर पेनानं लिहिलं की माळ उजव्या हाताला आहे, काढू नये. आई शांतपणे ऑपरेशन थिएटरमध्ये गेल्या, माळ तशीच हातावर घेऊन बाहेर आल्या.

दुसरी गोष्ट पारोशाची. हे सिंधी, पंजाबी, मराठी कुठल्याही घरातल्या आज्जीला विचारा, अंघोळ नाही तर जप नाही. खाटेवर पडलेल्या बाईला अंघोळ कुठली, स्पंजच. पण स्पंज सकाळी नऊनंतर व्हायचा, तोवर आई पारोशी म्हणून तोंडात पाण्याचा थेंब घेत नव्हत्या, गोळ्या तशाच पडून. सिस्टरला कळल्यावर तिनं आमच्या बेडचा स्पंज पहाटेच्या राउंडला घेतला, तेवढंच. मग आई जप करून चहा पिऊन नऊच्या आत फिजिओथेरपीला तयार, उलट स्टाफचंच काम सोपं झालं. बेडपॅन देताना माळेच्या हाताला आधार धरायला लावायचा नाही हेही ती न सांगता पाळायची. आणि स्पंजला आयाच येणार, पुरुष नाही, हे तिनं ड्यूटी चार्टवर लिहून ठेवलं होतं.

आता तक्रार. हे सगळं त्या एका सिस्टरवर होतं. तिची सुट्टी आली आणि नेमकी एकादशी. रात्री मी ज्या स्टाफला सांगितलं होतं तिनं हो हो म्हटलं आणि सकाळच्या शिफ्टला काही सांगितलंच नाही. आईंना शुगर आहे, जेवणाआधीचं इन्सुलिन देऊन झालं, मग ट्रे आला आणि ट्रेमध्ये पोहे! इंदुरात पोह्यांना कुणी नाही म्हणत नाही, पण एकादशीला धान्य कसं खाणार. आईंनी ट्रे सरकवला, कुणाला काही बोलल्या नाहीत (यात त्यांचाही हट्ट आहेच). थोड्या वेळानं घाम, हाताला थरथर, शुगर ६२. ७० च्या खाली गेली की लगेच साखर द्यावी लागते, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली, पंधरा मिनिटांनी परत तपासली, तेव्हा वर आली. वर एक सिनियर बाई मलाच ऐकवून गेल्या की अस्पताल में व्रत-वृत नहीं चलता. अहो, व्रत चालत नाही तर नका चालवू, तसं आधी तोंडावर सांगा, पण पेशंट खाणार की नाही हे न विचारता इन्सुलिन देता कसं? हा धर्माचा प्रश्नच नाहीये, सेफ्टीचा आहे. नंतर डाएटिशियन आल्या, त्या समजूतदार निघाल्या. साबुदाणा नको म्हणाल्या, शुगर झटकन वर जाते, त्यापेक्षा दही, पनीर, राजगिऱ्याची भाकरी, थोडी मोरधनाची (म्हणजे वरईची) खिचडी आणि दाण्याचं कूट, म्हणजे हाड भरायला प्रोटीनही मिळेल. आई खूश, कारण डॉक्टरच उपासाचं खा म्हणतात!

रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून पोटात इंजेक्शन देतात ना, ते एनॉक्सापॅरिन. आमच्या नानांना खोक्यावरचं बारीक अक्षर वाचायची खोड. वाचता वाचता म्हणाले, अगं हे डुकराच्या आतड्यापासून बनवतात. आई शुद्ध शाकाहारी, अंड्याचा केकही चालत नाही. आमच्यात कुजबूज, सांगायचं की नाही. माझा नवरा म्हणाला गप्प बसा, औषध आहे. तीच सिस्टर म्हणाली, छुपाना मत, मैं डॉक्टर को बोलती हूँ. डॉक्टरांनी स्वतः येऊन सांगितलं की हे असं आहे, पाहिजे तर फोंडापॅरिनक्स म्हणून दुसरं आहे, ते प्राण्यापासून बनवलेलं नसतं, पण मग किडनीचा रिपोर्ट बघून ठरवू. आईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, औषधाला दोष नाही, द्या तेच. माळेसाठी जीव द्यायला तयार असलेली बाई इथे एका वाक्यात हो म्हणाली. कोण कुठे अडेल हे अंदाजानं कळत नाही, म्हणून विचारावं लागतं.

शेजारच्या बेडवर जैन काकू होत्या, सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा नाही. कँटीनचा ट्रे आठ वाजता, त्यात बटाट्याचं सूप. त्यांच्या मुलानं दोन दिवस भांडण केलं. शेवटी जेवण साडेपाचला यायला लागलं, रात्रीच्या ज्या गोळ्या लवकर चालतात त्या डॉक्टरांना विचारून संध्याकाळी आणल्या, आणि आठ तासांनी द्यायचं अँटिबायोटिक तसंही सलाईनमधूनच होतं. म्हणजे जमतं. फक्त भांडल्यावर जमतं, हे वाईट.

नाही म्हणण्याचीही पद्धत असते. माझी नणंद खजराण्याच्या गणपतीचा अंगारा आणि तीर्थ घेऊन आली. सिस्टरनं अंगारा कपाळाला लावू दिला, ड्रेसिंगजवळ नको म्हणाली, आणि तीर्थ ऑपरेशननंतर द्या म्हणाली कारण पोट रिकामं पाहिजे. कुणाला राग आला नाही. समोरच्या खोलीत उदबत्ती लावली तेव्हा मात्र गार्ड ओरडला, ये मंदिर नहीं है! ऑक्सिजन चालू असताना पेटवायचं नाही, भडका उडतो, एवढं एक वाक्य सांगितलं असतं तर त्या लोकांनी स्वतःच विझवली असती. नंतर त्यांनी बॅटरीची पणती आणली, ती चालली.

आणि उलटी बाजू. रोज सकाळी सहाला वॉर्डच्या स्पीकरवर आरती, मोठ्यानं. आमचे नाना देव मानत नाहीत, रात्रभर स्टुलावर बसलेले, त्यांचा नुसता संताप. पलीकडे एक बोहरा आजी होत्या, त्यांनाही ऐकावीच लागायची. आमच्या आई हरिपाठ ऐकायच्या पण एका कानात इअरफोन घालून, दुसरा मोकळा, सिस्टरनं हाक मारली तर ऐकू यावं म्हणून. हे मोबाइलवर सगळ्यांना जमतं, मग स्पीकर कशाला?

माझी भाची बीएस्सी नर्सिंगला आहे, तिला विचारलं की हे सगळं त्या सिस्टरच्या स्वभावातलं की शिकवतात? म्हणाली शिकवतात की. नर्सेसच्या आंतरराष्ट्रीय कौन्सिलची आचारसंहिता १९५३ पासून आहे, पेशंटच्या श्रद्धा आणि रीतिरिवाजांचा मान ठेवायचा हे त्यात आहे. एनएबीएच म्हणजे हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणारी संस्था, तिच्या निकषांमध्येही पेशंटच्या धार्मिक आणि सांस्कृतिक गरजा हक्क म्हणून धरल्यात. आणि एनएबीएचचं सर्टिफिकेट यांच्या रिसेप्शनवर फ्रेम करून लावलंय! अ‍ॅडमिशनच्या फॉर्ममध्ये मात्र काय, तर एक रकाना, धर्म: हिंदू. आमच्या नानांचंही हिंदू, आईंचंही हिंदू, आणि जे बेडपाशी कळायला हवं त्यातलं काहीच त्यात नाही.

तर जाणार असाल तर अ‍ॅडमिशनलाच वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरला गाठा आणि फाइलवर लिहून घ्या: उपास कुठले, काय खात नाही, अंगावरचं काय काढायचं नाही, स्पंजला बाई हवी का. तोंडी सांगू नका, शिफ्ट बदलली की गेलं. शुगरचा पेशंट असेल तर उपासाच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनाच सांगा, इन्सुलिन त्यांनाच बदलता येतं.

डिस्चार्जच्या वेळी फीडबॅक फॉर्म दिला, त्यात एसी, टीव्ही, कँटीन, हाउसकीपिंग सगळ्याला स्टार होते, याला जागा नव्हती, म्हणून मी मागच्या कोऱ्या बाजूवर हे सगळं लिहून दिलं. हॉस्पिटलच्या पीआरओचा (जनसंपर्क अधिकाऱ्याचा) फोन आला, मॅडम बहुत अच्छा सुझाव है, अ‍ॅडमिशन फॉर्म में कॉलम जोड़ देंगे. मागच्या आठवड्यात नणंदेच्या सासूबाई तिथेच अ‍ॅडमिट झाल्या, फॉर्म तोच आहे.