पुणेकरांनी जोर कुठे लावावा: महापालिकेच्या अंदाजपत्रकात की विकास आराखड्यात?

आपला भाग चालण्याजोगा व्हावा, झाडं टिकावीत, पावसाचं पाणी जमिनीत मुरावं असं वाटणारे दहा-पंधरा जण एकत्र येतात, तेव्हा पहिला प्रश्न वेळेचा असतो. नोकरी-घर सांभाळून उरलेले तास द्यायचे कुठे? पुण्यात त्यासाठी दोन वाटा आहेत. एक म्हणजे अंदाजपत्रकात नागरिकांनी सुचवायची कामं. दुसरी, शहरातली कुठली जमीन कशासाठी हे ठरवणाऱ्या विकास आराखड्यावरच्या हरकती-सूचना.

पहिली वाट सोपी आहे. पुणे महापालिकेने २००६ मध्ये ती सुरू केली. साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात अर्ज मागवतात, क्षेत्रीय कार्यालयात किंवा ऑनलाइन भरायचा. एका कामाचा खर्च साधारण ५ लाखांच्या आत बसावा लागतो. त्यात फुटपाथची दुरुस्ती, पथदिवे, बाकडी, बसथांब्याची शेड होऊ शकते. नवा रस्ता, नदीकाठ, टेकडी हे विषय त्यात येतच नाहीत.

अर्ज कसा लिहिता यावर बरंच ठरतं. ‘आमच्या भागातले फुटपाथ सुधारा’ असं लिहिलंत तर अभियंत्याला त्यातून मोजमाप काढता येत नाही. ‘अमुक चौकापासून शाळेच्या फाटकापर्यंत, डाव्या बाजूला, साधारण इतके मीटर; तीन ठिकाणी फरशा उखडल्या आहेत, विजेच्या डीपी बॉक्समुळे व्हीलचेअर जात नाही’ असं लिहा, फोटो जोडा. अशा अर्जाचं एस्टिमेट लगेच करता येतं. मात्र मंजूर कामांच्या यादीत नाव आलं म्हणजे काम झालं असं समजू नका. एप्रिलपासून कनिष्ठ अभियंत्याकडे टेंडरची चौकशी करत राहावं लागतं, नाहीतर वर्ष निघून जातं.

या वाटेतली मला सर्वांत खुपणारी गोष्ट वेगळी आहे. अर्ज भरतात ते बहुतेक सोसायट्यांमधले लोक. त्याच फुटपाथवरून रोज चालत कामाला जाणाऱ्या धुणंभांडीवाल्या मावशींना विचारायला कोणी जात नाही. शेजारच्या वस्तीत अर्ज घेऊन जा, तिथेच बसून भरून घ्या. दिवा कुठे हवा, हे रात्री पायी येणाऱ्यांना आपल्यापेक्षा नेमकं माहीत असतं.

दुसरी वाट खूप अवघड, पण शहराचं भवितव्य तिथेच ठरतं. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यानुसार आराखडा साधारण वीस वर्षांसाठी होतो. कुठली जमीन बांधकामाला, कुठली मैदानाला, कुठला रस्ता किती रुंद, हे त्यात पक्कं होतं. पुण्याच्या जुन्या हद्दीचा प्रारूप (म्हणजे कच्चा) आराखडा २०१३ मध्ये आला तेव्हा त्यावर सुमारे ८७ हजार हरकती-सूचना आल्या, आणि अंतिम मंजुरी मिळाली जानेवारी २०१७ मध्ये. एवढा धीर हवा. पण मिळकतही तेवढीच मोठी: महापालिकेत समाविष्ट झालेल्या २३ गावांतल्या टेकड्यांवरचं ९७८ हेक्टरचं जैवविविधता उद्यानाचं आरक्षण, म्हणजे त्यासाठी राखून ठेवलेली जागा, नागरिकांनी वर्षानुवर्षं लावून धरलं, म्हणून २०१५ मध्ये ते मान्य झालं. पाच-पाच लाखांची कितीही कामं केली तरी एक टेकडी वाचत नाही. मुंबईत तर २०१५ चा प्रारूप आराखडा चुकांवरून एवढा गाजला की सरकारने तो पूर्ण नव्याने तपासायला लावला.

आराखड्यावर हरकती द्यायची मुदत ३० दिवसांची. तेवढ्यात नकाशा वाचून सर्व्हे नंबर आणि आरक्षण क्रमांकासह हरकत द्यायची, पोच घ्यायची, नंतर सुनावणीला हजर राहायचं. एकाच मजकुराच्या शंभर छापील प्रतींपेक्षा जागेचा फोटो आणि पर्यायी आखणी जोडलेली एक हरकत सुनावणीत जास्त टिकते. म्हणून गटात नकाशा कळणारं कोणीतरी हवंच, वास्तुरचनेचा विद्यार्थीसुद्धा चालेल.

आराखडा मंजूर झाल्यावर दार बंद झालं असं बरेच जण मानतात. तसं नाही. याच कायद्याच्या कलम ३७ खाली एखादं आरक्षण बदलायचं ठरलं, तर सूचना प्रसिद्ध करून महिन्याभरात हरकती मागवाव्या लागतात. मैदानं बऱ्याचदा अशीच हातची जातात, कारण वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची ती जाहीर सूचना कोणी वाचत नाही.

तुम्ही पाच-सहा जणच असाल आणि पहिल्यांदाच एकत्र येत असाल, तर अंदाजपत्रकापासून सुरुवात करा. वर्षभरात एखादा फुटपाथ झाला की माणसं टिकतात आणि क्षेत्रीय कार्यालयात ओळख होते. गट आधीच जमलेला असेल, किंवा तुमच्या भागात टेकडी, ओढा, मोकळं मैदान असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: निम्म्याहून जास्त वेळ आराखड्याला द्या. नवा प्रारूप येईपर्यंत थांबायची गरज नाही. आजच आपल्या भागाचा मंजूर नकाशा मिळवा, त्यावरच्या प्रत्येक आरक्षणाच्या जागी जाऊन फोटो काढा, आणि जाहीर सूचना वाचायचं काम एकाच्या नावावर कायमचं लावून टाका.