कोठीत कुणालाच बसावं लागलं नाही: लेकीच्या लग्नाच्या कोऑर्डिनेटरबद्दल

माझं लग्न १९९३ सालचं. अक्षता पडल्या तेव्हा माझी मोठी काकू कार्यालयाच्या कोठीत नारळ मोजत होती. किल्ल्या तिच्या कमरेला आणि आचाऱ्याचा माणूस सारखा तूप दे, साखर दे म्हणत दारात. तिला माझं लग्न दिसलंच नाही. पंगती उठल्यावर तिने मला जवळ घेतलं आणि म्हणाली, "उभी राहा गं जरा, शालू तरी डोळे भरून बघू दे." ते माझ्या मनातून कधीच गेलं नाही.

त्यामुळे लेकीने "आई, आपण कोऑर्डिनेटर घेऊया" म्हटल्यावर मी लगेच हो म्हटलं. ह्यांना ते पटत नव्हतं. "घरचं कार्य, परकी बाई कशाला?" पण घरात आता राबणारी माणसं उरली आहेत कुठे? धाकटे दीर कॅनडात, थोरल्या जाऊबाई सत्तरीच्या, त्यांचे गुडघे दुखतात. व्याही नागपूरचे, लग्न आमच्याकडे नाशिकला, डिसेंबरातलं. लेक स्वतः पुण्यात नोकरीला.

दोन दिवसांच्या कार्याचे कोऑर्डिनेटरने ९०,००० रुपये सांगितले, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,०६,२०० झाले. तीन हप्त्यांत दिले. त्यात ती स्वतः, तिची सहा माणसं आणि आधीच्या तीन महिन्यांची धावपळ. मंडप, फुलं, केटरर यांचे पैसे वेगळे.

सुरुवात फार चांगली झाली नाही, तेही सांगते. तिने पहिला कार्यक्रम लिहून आणला त्यात मंगलाष्टकांनंतर दीड तास फोटो, आणि लाजाहोम-सप्तपदीला मिळून पंचवीस मिनिटं. मी कागद परत दिला. म्हटलं, विधी आटपायचे म्हणून करायचे नाहीत, आधी गुरुजींशी बोल. ती दुसऱ्याच दिवशी गुरुजींच्या घरी जाऊन बसली, प्रत्येक विधीला किती वेळ लागतो ते लिहून घेतलं आणि अख्खा कागद नव्याने केला. फोटो सकाळी आणि जेवणानंतर. तिथून माझा तिच्यावर विश्वास बसला.

दुसरी गोष्ट डेकोरेटरची. तिने आणलेला आकडा आम्ही बाहेर विचारलेल्यापेक्षा ३८,००० रुपयांनी जास्त होता. मी सरळ विचारलं, तुला यातून काही मिळतं का? ती म्हणाली, "हो काकू, दहा टक्के." खरं बोलली हे मला आवडलं, पण हे पहिल्या बैठकीतच सांगायला हवं होतं. आम्ही आमचा माणूस लावला आणि तिने त्याच्याबरोबरही मनापासून काम केलं. तुम्ही कुणाला नेमणार असाल तर कमिशनचा प्रश्न आगाऊ रक्कम देण्याआधी विचारा आणि उत्तर लिहून घ्या.

आता लग्नाचे दिवस. नागपूरचं बेचाळीस माणसांचं वऱ्हाड रात्रीच्या गाडीने निघालं, उजाडायच्या आत नाशिकरोडला उतरलं. फलाटावर कोऑर्डिनेटरची दोन माणसं थर्मासमधून चहा घेऊन उभी होती आणि कुणाची खोली कुठली याची यादी हातात. विहीणबाई आजही त्या चहाबद्दल बोलतात.

मुहूर्त १२ वाजून २३ मिनिटांचा. मंगलाष्टका म्हणणारे चौघे होते, त्यात जावयाच्या आत्याबाईंनी स्वतः रचलेली तर चांगलीच लांब. तिने आदल्या संध्याकाळी चौघांना एकेकट्याने भेटून कडवी मोजली होती, आत्याबाईंचं एकही न कापता. मंडपात ती गुरुजींच्या डाव्या हाताला घड्याळ घेऊन उभी राहिली. आमच्याकडे तेवढ्या वेळात वधूच्या आईने तुळशीला पाणी घालायचं असतं. एरवी ऐनवेळी कुंडी शोधायला कुणीतरी पळतं. इथे स्टेजच्या डाव्या बाजूला हिरवीगार तुळस, शेजारी पाणी भरलेला तांब्या, बसायला पाट, आणि पाटावर घडी घातलेला पंचा. मी पाणी घालत होते आणि "तदेव लग्नं" ऐकू आलं. घड्याळ बघितलं नाही, नंतर कळलं की बरोबर तेवीसला अक्षता पडल्या.

जेवणाचं सांगायलाच हवं. मसालेभात, अळूची भाजी, जिलबी, मठ्ठा, सगळं उत्तम होतं, पण केटररने शेवटी ५२० ताटांचा हिशेब लावला. कोऑर्डिनेटरच्या एका माणसाने पंगती सुरू व्हायच्या आधी ताटांची चळत मोजून ठेवली होती, उरलेली नंतर मोजली. ४८७ निघाली. तेहेतीस ताटांचे, ४२० रुपयांप्रमाणे, १३,८६० रुपये तिथल्या तिथे कमी झाले. आवाज चढला नाही, वही पुढे केली एवढंच.

आणखी एक काम मला सुचलंही नसतं. विवाह नोंदणीचा अर्ज तिने आधीच भरून आणला होता. आपल्याकडे लग्नापासून ९० दिवसांत नोंदणी करायची असते, तीन साक्षीदार लागतात. गुरुजींची सही, साक्षीदारांच्या आधारच्या प्रती, दोन पत्रिका, सगळं तिने त्याच दुपारी एका पाकिटात घालून माझ्या हातात दिलं. नंतर नागपूर-नाशिक-पुणे अशी माणसं गोळा करत बसावं लागलं असतं.

एक उणीव राहिली. पाठवणीच्या वेळी तिच्या माणसांनी मंडप उतरवायला घेतला. लेक माझ्या गळ्यात आणि मागे लोखंडी पाइप आपटतायत. मी तिला नंतर बोलले, तिने माफी मागितली. पण तो आवाज त्या आठवणीत राहिलाच.

थोरल्या जाऊबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, गुडघ्याखाली उशी घेऊन. कन्यादान, सप्तपदी, कानपिळी, सगळं त्यांनी बसल्या जागेवरून पाहिलं. एकदाही कुणी त्यांच्याकडे तूप मागायला आलं नाही.