डिकीतला हवेचा पंप: खान्देशातल्या गाडीसाठी कोणता घ्यावा

गाडीच्या १२ व्होल्ट सॉकेटवर चालणारा, डिजिटल आकडे दाखवणारा आणि ठरवलेल्या दाबाला आपोआप बंद पडणारा वायरवाला पंप साधारण दीड ते तीन हजारांत मिळतो. आमचं मत आधीच सांगतो: जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात गाडी चालवणाऱ्याने तो घ्यावाच. पंक्चर झाल्यावर तर तो कामाला येतोच, पण त्याची खरी किंमत रोजच्या सकाळच्या हवेत आहे.

टायरमधली हवा थंड टायरवर मोजायची असते, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असताना. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला आकडा थंड टायरचाच असतो. मे महिन्यात सकाळी ३० अंशांना ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरून निघालात आणि एरंडोल, पारोळा करत धुळ्याला पोचेपर्यंत टायर ६० अंशांवर गेला, तर गेज ३७-३८ दाखवणार. हवावाला 'जास्त झालीय' म्हणत ती ३३ वर आणतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच टायरमध्ये २८-२९ उरते. कमी हवेचा टायर बाजूने जास्त दबतो, त्याने आणखी तापतो, आणि लग्नसराईत पाच माणसं अन् सामान भरलेलं असताना भर दुपारी हायवेवर फुटतो. तापलेल्या टायरची हवा काढू नका, हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच. उलट डिसेंबरात पहाटे पारा १० अंशांजवळ आला की मे महिन्यात बरोबर भरलेला टायर नुसत्या थंडीने ३ पीएसआयने उतरतो. घरच्या ओट्यासमोर पंप लावला की हे दोन्ही प्रश्न सुटतात.

आता निवड. बॅटरीवाले छोटे पंप दिसायला सुबक, पण उन्हात बंद गाडीत लिथियम बॅटरी ठेवणं आम्हाला पटत नाही. ती फुगते, लवकर मरते, आणि ऐन वेळी चार्ज नसते. वायरवालाच घ्या. वायर निदान ३ मीटर हवी, नाहीतर मागच्या टायरपर्यंत पोचत नाही. एर्टिगासारख्या लांब गाडीसाठी हे दुकानातच मोजून बघा.

नळीचं तोंड दोन प्रकारचं येतं. पितळी आट्यांचं तोंड वॉल्व्हवर घट्ट बसतं, पण काढताना थोडी हवा जाते, म्हणून १ पीएसआय जास्त भरायची. भरून झाल्यावर ते चांगलंच तापलेलं असतं, उघड्या हाताने लगेच धरू नका. खटक्याचं तोंड झटपट लागतं. ते सरळ आत दाबून मगच खटका पाडायचा. तिरकं बसलं की फुसफुस आवाज येतो, पंप घरघरत राहतो आणि आकडा हलत नाही. व्हीलकॅपच्या भोकात वॉल्व्ह खोल असेल तर आट्यांचंच तोंड बरं.

पंप चालताना दिसणाऱ्या आकड्यावर विसंबू नका, थांबवून वाचा. स्वस्त पंपाचा गेज १-२ पीएसआय चुकतो. एक साधा काडीगेज, म्हणजे पेनासारखा दाब मोजायचा गेज, जवळ ठेवा आणि फरक किती येतो ते पंपावरच लिहून टाका.

सगळ्यात जास्त तक्रारी येतात फ्युजच्या. पंप १० अँपिअरच्या आसपास खेचतो, सॉकेटचा फ्युज बहुतेक १५ चा. त्याच सॉकेटवर जोडणी लावून मोबाइल चार्जरही चालवला, किंवा प्लग सैल बसून तापला, की फ्युज जातो. निळा म्हणजे १५ चा. तसाच एक जास्तीचा ठेवा. २० चा पिवळा टोचून काम भागवू नका, वायरिंग जळतं. फ्युज शाबूत आणि तरी पंप गप्प असेल तर प्लगचं टोक आट्या फिरवून उघडा: बऱ्याच पंपांत तिथे काचेचा छोटा फ्युज असतो. स्प्रिंग उडते, बोट ठेवून उघडा.

इंजिन चालू ठेवा, नाहीतर जुनी बॅटरी बसते. मात्र बंद शेडमध्ये नको, धूर कोंडतो. सलग १० मिनिटं चालला की तेवढाच वेळ थांबवा. तापलेल्या डांबरावर ठेवू नका, गाडीच्या सावलीत पुठ्ठ्यावर ठेवा. शेतरस्त्यावरची काळ्या मातीची बारीक धूळ तो आत ओढतो आणि पिस्टन लवकर झिजतो.

एकच टायर दर आठवड्याला ३-४ पीएसआय उतरत असेल तर पंप हे औषध नव्हे. साबणाचं पाणी आधी वॉल्व्हच्या तोंडावर टाका, मग नक्षीवर. बाभळीच्या काट्याचं भोक दिसत नाही, बुडबुडे दिसतात. बाजूच्या भिंतीत चीर असेल तर हवा भरून पुढे जाऊ नका, स्टेपनी लावा. त्या स्टेपनीतली हवाही महिन्यातून एकदा याच पंपाने बघा. बहुतेकांची तिथेच १५ वर आलेली असते.